आर१५चं हँडल बदलण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: यामाहा आर१५ व्ही३ (या मोटरसायकलची तिसरी आवृत्ती) चालवता, रोज हडपसर ते हिंजवडी जाणं-येणं, अधूनमधून पुणे-कोल्हापूर. अर्ध्या तासात मनगटं भरून येतात, करंगळीला मुंग्या येतात, दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखतं. गॅरेजवाला म्हणतो, फेअरिंग (गाडीचं बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) थोडं कापू आणि पाइप हँडल (एकसंध पाइपचं उंच, रुंद हँडल) टाकू. टाकावं का?

आत्ता तरी टाकू नका. हँडल उंच करणं हे शेवटून दुसरं काम आहे आणि पाइप हँडल शेवटचं. त्याच्या आधी जे करायचं ते बहुतेक फुकट आहे. माझ्याकडे याच तक्रारीने येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम दोन एलन पान्यांत आणि थोड्या बोलण्यात भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांना रायझर (हँडल थोडं वर घेणारा भाग) बसवून देतो. पण आधीच्या पायऱ्या गाळून रायझर बसवला तर महिन्याभरात तीच तक्रार, फक्त दोन बोटं वर सरकलेली.

आधी दुखतं का ते पाहू. आर१५ २००८ साली आली तेव्हा सीटची उंची ७९० मिमी होती, व्ही२ ला ८०० झाली, २०१८च्या व्ही३ ला ८१५. सीट चढत गेली आणि हँडल मात्र वर आलं नाही. व्ही३ चे क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या (पुढच्या शॉक-अपच्या) दोन पाइपांना वेगवेगळे आवळलेले हँडलचे दोन तुकडे, फोर्क धरणाऱ्या वरच्या प्लेटच्या खाली बसतात. पल्सर २२० किंवा आरएस२०० वर तेच क्लिप-ऑन प्लेटच्या वर असतात, म्हणून त्या गाड्या दिसायला स्पोर्ट आणि बसायला बऱ्यापैकी सरळ. तुमची गाडी ट्रॅकचा विचार करून बनवलेली आहे आणि तुम्ही तिच्यावरून मगरपट्ट्याच्या सिग्नलला उभे राहता, खरी अडचण ही.

ट्रॅकवर किंवा मोकळ्या हायवेवर वारा छातीला रेटतो आणि वरच्या धडाचा काही भार तोच उचलतो. ताशी ८०-९०ला वाकून बसलेल्या माणसाची मनगटं शहरातल्यापेक्षा कमी दुखतात, हे तुम्हीही अनुभवलं असेल. शहरात वारा नाही, वर सतत ब्रेक. ७० किलोच्या माणसाचं कमरेच्या वरचं वजन साधारण ४५ किलो धरा. बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला की त्याच्या निम्म्या, म्हणजे वीस-बावीस किलोच्या जोराने धड पुढे ढकललं जातं. ते कुठेतरी अडवावं लागतं. मांड्यांनी टाकी धरली असेल तर बराचसा जोर मांड्या घेतात. धरली नसेल तर तळहात घेतात, दर सिग्नलला, दर स्पीडब्रेकरला. ताम्हिणी उतरून माणगावकडे जाताना हेच सलग होतं, म्हणून घाट चढताना बरं वाटतं आणि उतरताना हात जातात.

मुंग्या कुठल्या बोटांना येतात यावरून बरंच कळतं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची बाहेरची बाजू बधिर होत असेल तर अल्नर नस दाबली जाते आहे, ती तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून जाते. म्हणजे तुम्ही तळहाताच्या त्या कडेवर वजन टाकून बसता. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मीडियन नस, आणि तिथे बहुतेक वेळा मनगट मागे मोडलेलं असतं. तुमचं पहिल्या प्रकारचं दिसतं.

आता बसणं. टाकीला चिकटून बसू नका, टाकी आणि तुमच्यात तळहाताएवढी जागा ठेवा. पायाचा चवडा फुटरेस्टवर, टाच आतल्या प्लेटला टेकलेली, दोन्ही मांड्यांनी टाकी हलकी दाबलेली. वाकायचं ते कमरेतून, पोट किंचित आत घेऊन. खांद्यांतून वाकलात तर मान वर करावी लागते आणि तुम्ही म्हणता तसं खांद्यांच्या मध्ये दुखायला लागतं. कोपरं वाकलेली आणि सैल हवीत. रिकाम्या सरळ रस्त्यावर, एका वेगाने जाताना, ग्रिप न सोडता कोपरं खालीवर हलवून बघा. सहज हलली तर हातांवर वजन नाही. हलवताना गाडी वळवळली तर तुम्ही हँडलला लटकून बसला आहात. स्क्रू ड्रायव्हर धरतो तशी ग्रिप तळहातात थोडी तिरपी धरली की मनगट आपोआप सरळ येतं आणि दाब करंगळीकडच्या कडेवरून हलतो. ग्रिप आवळायची गरज फार थोड्या वेळा असते.

हे सगळं पोट आणि पाठीच्या स्नायूंवर चालतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला सुरुवातीला दहा मिनिटांत थकवा येईल. रोज थोडा वेळ प्लँक धरलात तर दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, कारण तो नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विकत मिळत नाही.

टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ट्रॅक्शन पॅड लावा. ही मला या विषयातली सगळ्यात किफायतशीर वस्तू वाटते. टाकीच्या गुळगुळीत रंगवलेल्या धातूवर पँट घसरते, मांडी टाकी धरूच शकत नाही, मग दोष हँडलला लागतो. सीटचंही तेच. व्ही३ ची सीट पुढे उतरती आहे आणि वर गुळगुळीत कव्हर घातलं की प्रत्येक ब्रेकला तुम्ही टाकीकडे घसरता, मग हातांनी स्वतःला मागे ढकलता. दिवसातून शंभरदा ढकलणं झालं की मनगट भरणारच. चांगला सीटवाला पुढच्या टोकाला थोडा फोम चढवून उतार कमी करून देतो आणि वर घसरणार नाही असं कापड लावतो. उंची न वाढवता उतार कमी करायला सांगा. मागचा फोम वाढवला तर तुम्ही आणखी पुढे झुकाल, म्हणजे उलटा उपाय.

मग लेव्हर. शोरूममधून गाडी येते तेव्हा ब्रेक आणि क्लचचे लेव्हर बऱ्याचदा जवळजवळ आडवे असतात. क्लिप-ऑनवर तुमचा हात वरून खाली येतो, त्यामुळे आडव्या लेव्हरवर बोटं टाकायला मनगट मागे मोडावं लागतं. गाडी स्टँडवर घ्या, कोणालातरी धरायला सांगा, नेहमीच्या पद्धतीने बसा. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत बाजूने पाहिलं तर एक सरळ रेघ दिसली पाहिजे आणि त्याच रेघेत बोटं लेव्हरवर पडली पाहिजेत. लेव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून लेव्हर खाली फिरवा. ब्रेकच्या बाजूला मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइल दाबणारा पंप) आहे हे विसरू नका. फार फिरवलात तर ब्रेक ऑइलची डबी तिरपी होते, हवा आत जायची शक्यता वाढते. क्लॅम्पवर बाण किंवा वरची दिशा दाखवणारी खूण असेल तर ती वरच ठेवून आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळा, मग खालचा. फट खाली राहते, ती तशीच राहायला हवी.

स्विचच्या डब्यात एक छोटी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते. काही कारागीर स्विचही फिरावा म्हणून ती पिन कापतात. ॲक्सिलरेटरच्या बाजूची पिन तर अजिबात कापू देऊ नका, कारण मग पूर्ण डबाच हँडलवर फिरू शकतो आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी सुटत नाही.

क्लचला लेव्हरच्या टोकाशी १०-१५ मिमी आणि ॲक्सिलरेटरला ३-५ मिमी मोकळी चाल ठेवा. व्ही३ ला असिस्ट-स्लिपर क्लच आहे, तो हलका असायला हवा. जड लागत असेल तर वायर सुकली आहे किंवा आतून तुटायला लागली आहे. ती बदला. गर्दीत दीड-दोन तास क्लच दाबणाऱ्या हाताला वायरचा फरक रायझरइतकाच जाणवतो. ज्यांचे हात लहान आहेत, आणि यात आर१५ चालवणाऱ्या मुली खूप येतात, त्यांनी अंतर कमी-जास्त करता येणारे लेव्हर घ्यावेत. बोटं ताणून क्लच दाबणं हा कोपराच्या दुखण्याचा सरळ रस्ता आहे.

गाडीतच बिघाड असेल तर वरचं सगळं निरुपयोगी, म्हणून हे एकदा बघून घ्या. पुढचं चाक हवेत घेऊन हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलाय, आणि तुम्ही नकळत दिवसभर हँडलशी झगडताय. गाडी कधी पडली असेल आणि एकाच खांद्यात दुखत असेल तर क्लिप-ऑन वाकलाय का किंवा फोर्क प्लेटमध्ये पिळलेत का ते पाहा. हँडलच्या टोकाचं वजन पडलं असेल किंवा आरसे लावायला काढलं असेल तर तिकडचं कंपन वाढतं. सिंगल सिलिंडरमध्ये काही ठरावीक आरपीएमला हे हाताला झोंबतं, आणि कंपनाने बधिर झालेला हात दाबाने बधिर झालेल्या हातासारखाच वाटतो. मूळ वजन परत लावा, थोडी जाड मऊ ग्रिप घाला. मात्र फार जाड फोमची ग्रिप घेतली तर बोटं नीट मिटत नाहीत आणि उलट जास्त आवळावं लागतं. हातमोज्याची शिवण तळहाताच्या मधून जाते का तेही तपासा. नवीन हातमोजे घालून आलेल्यांपैकी काहींचं दुखणं तिथेच सापडतं.

इतकं करून दोन-तीन आठवडे चालवा. तरी दुखत असेल तर रायझर.

रायझर म्हणजे काय, तर एक तर क्लिप-ऑनच्या खाली ठोकळा घालून तो वर घेणं, नाहीतर मूळ क्लिप-ऑन काढून उंच बाहूचे दुसरे बसवणं. तुमच्या गाडीला प्लेटच्या खालचा क्लिप-ऑन असल्याने दुसरा प्रकार लागतो. किती उंच? २५ ते ३० मिमी. यापुढे मी सहसा जात नाही. फोर्क उभ्या रेषेपासून साधारण २५ अंश मागे कललेला असतो, त्यामुळे फोर्कच्या रेषेत ३० मिमी वर गेलं की प्रत्यक्षात हँडल २७ मिमी वर आणि सुमारे १३ मिमी तुमच्याकडे येतं. हे मागे येणं लोक विसरतात. खरा आराम बऱ्याच अंशी त्यातूनच मिळतो, आणि अडचणही त्यातूनच होते, कारण पूर्ण वळवल्यावर हात टाकीच्या जवळ येतात. क्लिप-ऑनचा कोन किंचित बदलूनही फायदा होतो, पण बऱ्याच गाड्यांत कोन पिनने किंवा बोल्टने बांधलेला असतो. ती पिन कापून कोन बदलणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

एक जुगाड मात्र अजिबात नको. फोर्कचे पाइप प्लेटमधून वर काढायचे आणि वर आलेल्या टोकावर क्लिप-ऑन बसवायचे. पैसे लागत नाहीत म्हणून हे लोकप्रिय आहे. २० मिमी फोर्क वर काढला की गाडीचं तोंड तेवढं खाली बसतं. १३२५ मिमीच्या व्हीलबेसवर हा सुमारे पाऊण अंशाचा फरक आहे. स्टिअरिंग तीक्ष्ण होतं, सरळ रेषेतली स्थिरता कमी होते, खड्ड्यात पुढचं मडगार्ड लागायची शक्यता वाढते. गंमत म्हणजे संपूर्ण गाडी पुढे झुकल्याने मनगटावरचं वजनही वाढतं.

रायझर घेताना ठोकळा बघा. ओतीव ॲल्युमिनियमचा स्वस्त माल बाहेरून चकचकीत असतो, आत पोकळ बुडबुडे असू शकतात. हँडल चालू गाडीवर तुटलं तर पुढे बोलायलाच काही उरत नाही. एकसंध ठोकळ्यातून कोरलेला, फोर्कच्या व्यासाला नेमका बसणारा भाग घ्या. पत्रा गुंडाळून घट्ट करावा लागत असेल तर तो तुमच्या गाडीचा नाही. व्यास व्हर्नियरने मोजा, दुकानदाराच्या ‘व्ही३, व्ही४ दोन्हीला चालतो’ या शब्दावर जाऊ नका. २०२१च्या व्ही४ ला उलटे फोर्क आहेत.

बसवल्यावरची तपासणी हीच खरी कामगिरी, आणि इथेच घाई होते. पुढचं चाक हवेत, फोर्क पूर्ण लांबलेले, अशा स्थितीत हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. ब्रेकची नळी कुठेही ताणली जाता कामा नये. ताणली तर लांब नळी घालावी लागते. मग बँजो बोल्टचे (ब्रेकची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे, ब्रेक ऑइल डॉट ४ नवं, आणि हवा पूर्ण काढलेली. त्यानंतर इंजिन चालू ठेवून आयडलवर पुन्हा दोन्ही टोकांना फिरवा. आरपीएम वाढला तर ॲक्सिलरेटरची वायर ओढली जातेय. यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून पुढे उडी मारेल. क्लच वायर आणि स्विचच्या वायरी तशाच बघा. शेवटी हातमोजे घालून बघा, अंगठा टाकीत किंवा फेअरिंगमध्ये चिमटतो का. बोल्ट टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला. दोन बोल्टांचा क्लॅम्प असेल तर आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पहिल्या लांब प्रवासानंतर एकदा पुन्हा पाना लावा.

आता पाइप हँडल. गॅरेजवाला म्हणतो तसं बसवता येतं, अनेकांनी बसवलंय. यामाहाची एमटी-१५ २०१९ साली आली ती याच १५५ सीसी इंजिनावर आणि डेल्टाबॉक्स फ्रेमवर, म्हणून तिची वरची प्लेट आणि पाइप आर१५ वर घालायची कल्पना सुचणं साहजिक आहे. प्लेट बदलायची असेल तर फोर्कचा व्यास, दोन फोर्कमधलं अंतर आणि स्टेमपासून (हँडल फिरतं त्या मधल्या दांड्यापासून) फोर्कचं पुढे असणं हे तिन्ही जुळलं पाहिजे. दोन जुळून भागत नाही.

पण जुळलं तरी मला ते पटत नाही. शरीर गाडीला तीन ठिकाणी टेकतं: हात, बूड, पाय. पाइप हँडलने हात वर आले, पण फुटरेस्ट मागेच राहिले. धड सरळ, गुडघे मात्र दुमडलेले. मनगटावरचं वजन जातं आणि थेट माकडहाडावर बसतं. वाकलेल्या पाठीला खड्ड्याचा धक्का थोडा तरी पचवता येतो, सरळ पाठीत तो खालून वर कण्यातून जातो. कोल्हापूरच्या प्रवासात मनगटाऐवजी कंबर धरेल. त्यात व्ही३ ची काच बुटकी, सरळ बसलं की वाऱ्याचा झोत नेमका हेल्मेटवर आणि छातीवर. हँडल रुंद झाल्याने जास्त वेगात हाताची बारीक हालचालही चाकापर्यंत पोचते आणि गाडी अस्थिर वाटते. हे सगळं नीट करायचं तर फुटरेस्ट पुढे-खाली, काच उंच, नळ्या-वायरी लांब. तेवढ्या खर्चात आर१५ विकून एमटी-१५ घेतलेली परवडते, आणि ती कारखान्यातच तशी जुळवलेली असते.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई ठामपणे उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रायझरकडे रस्त्यावर सहसा कोणी बघत नाही, पण फेअरिंग कापलेली आर१५ लांबून ओळखू येते, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर तर जवळून बघतो. रायझर लावलात तरी मूळ क्लिप-ऑन घरी जपून ठेवा. फेअरिंग कापलं की परतीचा रस्ता महाग होतो.

गाडीवरून उतरल्यावर अर्ध्या तासातही मुंग्या जात नसतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा डब्याचं झाकण उघडताना पकड कमी वाटत असेल तर पाना ठेवा आणि डॉक्टरकडे जा. नस दाबली जाणं फार काळ लांबलं की ते हँडलने सुटत नाही.

मुंग्या कोणत्या हाताला येतात हे तुम्ही लिहिलं नाहीत. डाव्या असतील तर क्लच वायर आणि मोकळ्या चालीपासून सुरुवात करा, शहरात तोच हात जास्त राबतो. उजव्या असतील तर ॲक्सिलरेटरची नळी काढून साफ करा, वायरला तेल द्या, टोकाचं वजन जागेवर आहे का पाहा, आणि हायवेवर तळहाताची कड ग्रिपवर टेकवून ॲक्सिलरेटर धरायची सवय लागली आहे का ते स्वतःला तपासा. दोन्ही असतील तर टाकीचे पॅड आणि सीटचा उतार आधी, लेव्हरचा कोन त्याच दिवशी. पुढच्या कोल्हापूरच्या फेरीत खंबाटकीला थांबाल तेव्हा कोणती बोटं बधिर आहेत ते बघा आणि मला कळवा, म्हणजे रायझर लागतो की नाही ते सांगता येईल.